तेरा दिवसांचे शापवाक्य

ख्रिस्ती मंडळींमधला तत्त्वांचा झगडा हा पानिपतात मांडण्याचा विषय आहे का? या मातीवर मराठीत बोलायचे तर १७६१ वर बोलावे, असा रिवाज आहे. पण पानिपत आणि त्याच्या पंचक्रोशीने ख्रिस्ती धर्मचर्चेच्या इतिहासाला तीन माणसे दिली आहेत आणि तिघेही एकाच पिढीतले. त्यांतला एक ख्रिस्ती मताचा कडवा प्रतिपक्षी, उरलेले दोघे ख्रिस्ती झालेले. १७६१ च्या तुलनेत ही लढाई लहान खरी. तिच्यात तोफा नव्हत्या, पुस्तके होती.

यमुना ओलांडली की पलीकडे कैराना लागते. मराठी रसिकाला हे गाव ठाऊक असते ते किराणा घराण्यामुळे. अब्दुल करीम खाँ जन्मले तिथे आणि स्थिरावले मिरजेत. त्याच कैरान्याचे मौलाना रहमतुल्ला. १० आणि ११ एप्रिल १८५४ असे दोन दिवस आग्ऱ्यात त्यांचा आणि कार्ल गोटलीब फांडर या जर्मन मिशनऱ्याचा जाहीर वाद झाला. फांडर मूळचे व्यूर्टेंबर्गचे, बासेलला शिकलेले, आणि फारसी-उर्दूत ग्रंथ लिहिणारे. वादाला पाच विषय ठरले होते. आधीचा ईश्वरी ग्रंथ पुढच्याने रद्द होतो का, हा पहिला. बायबलच्या पाठात फेरफार झाले आहेत का, हा दुसरा. तिसरा त्रैक्याचा: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे मत. उरलेले दोन पैगंबर आणि कुराण यांच्याविषयी.

तिसऱ्या विषयापर्यंत गाडी पोचलीच नाही. मौलानांच्या बाजूला डॉ. वझीर खान होते. ते इंग्लंडला जाऊन आलेले आणि येताना युरोपातल्या बायबल-चिकित्सेची पुस्तके घेऊन आलेले. फांडर यांना वाटले होते, समोरून कुराणातले दाखले येतील. आले ते युरोपातल्या ख्रिस्ती पंडितांचेच! तुमचेच विद्वान म्हणतात की हस्तलिखितांत पाठभेद आहेत, मग तुमच्यातले कोणाचे खरे मानायचे? फांडर यांनी पाठभेद आहेत हे कबूल केले, पण मूळ शिकवणुकीला त्यांनी धक्का लागत नाही, असे सांगितले. सभेतल्या बहुतेकांनी त्यातला पहिला अर्धाच लक्षात ठेवला. ख्रिस्ती घरातला मतभेद असा परक्याच्या हातातले हत्यार झाला. फांडर यांच्या शेजारी मदतीला टॉमस व्हॅल्पी फ्रेंच नावाचे तरुण मिशनरी बसले होते. ते नाव पुढे पुन्हा येईल.

दुसरे इमादुद्दीन, खास पानिपतचे. त्या काळात ते आग्ऱ्यात होते. फांडर यांच्या प्रचाराला उत्तर म्हणून जामा मशिदीत प्रवचने करण्याचे काम त्यांच्याकडे आले. हेच गृहस्थ १८६६ मध्ये अमृतसरला बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले, पुढे पाळक झाले आणि १८८४ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपांनी त्यांना धर्मशास्त्राची डॉक्टरेट दिली. तिसरे मास्टर रामचंद्र. जन्म १८२१, पानिपतचा. दिल्ली कॉलेजात गणिताचे शिक्षक. त्यांचा गणितावरचा ग्रंथ लंडनला गणिती डी मॉर्गन यांच्या प्रस्तावनेसह पुन्हा छापला गेला. १८५२ मध्ये ते डॉ. चिमनलाल यांच्यासह दिल्लीत ख्रिस्ती झाले. ११ मे १८५७ ला मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले तेव्हा चिमनलाल मारले गेले. रामचंद्र लपून राहिले म्हणून वाचले. मौलाना रहमतुल्लांना उलट्या बाजूने पळावे लागले. इंग्रजांनी त्यांची मालमत्ता जप्त केली, ते मक्केला गेले आणि आग्ऱ्याच्या वादाचा विस्तार त्यांनी ‘इझहारुल हक’ या ग्रंथात केला. मत मांडण्याची किंमत कोणत्या बाजूला किती पडेल, हे त्या एका वर्षात सरकार कोणाचे आहे त्यावर ठरत होते.

आता प्रश्न असा: हा मतभेद ख्रिस्ती धर्मात एवढा जिवावर बेतणारा का झाला? भेद कुठे नाहीत? द्वैती आणि अद्वैती शेकडो वर्षे भांडले. ख्रिस्ती परंपरेत मात्र एक गोष्ट वेगळी घडली. तिथे मत हे उपासनेत उभे राहून मोठ्याने म्हणायचे असते. त्याला मराठी ख्रिस्ती माणूस मतांगीकार म्हणतो. ३२५ साली नायसिया येथे सम्राट कॉन्स्टंटाइनच्या छत्राखाली बिशप जमले आणि पुत्र पित्याशी एकाच सत्त्वाचा आहे, हे शब्द त्यांनी ठरवले. ज्याला ते शब्द पटले नाहीत तो एरियस हद्दपार झाला. सम्राटाची मोहोर लागली की व्याकरणातली चूकही राजद्रोह ठरू शकते, याची ती सुरुवात.

मतांगीकार तीन. प्रेषितांचा सर्वांत छोटा, नायसियाचा मधला आणि तिसरा अथनासियसच्या नावाचा. हा तिसरा अथनासियसचा नाहीच. तो लॅटिनमधला, अथनासियस ३७३ मध्ये वारल्यानंतरच्या काळातला. त्यात त्रैक्याची व्याख्या वकिली बारकाव्याने केलेली आहे. तीही एक वेळ चालेल. अडचण त्याच्या आरंभीच्या आणि शेवटच्या वाक्यांत आहे. त्यांचा आशय असा, की ज्याला तरायचे आहे त्याने हे मत जसेच्या तसे धरले पाहिजे, नाहीतर त्याचा कायमचा नाश. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकाने वर्षातले तेरा दिवस नेमून दिले, त्या दिवशी हा मतांगीकार म्हणायचा. नाताळ, ईस्टर, स्वर्गारोहण... म्हणजे घरात गोडधोड असण्याच्या सणांनाच! सणाच्या सकाळी नवे कपडे घालून आलेल्या माणसाने शेजाऱ्याच्या नाशाचे वाक्य म्हणायचे आणि मग घरी जाऊन जेवायचे.

या वाक्याचा जन्म एकीकडे, अंमल दुसरीकडे. मायकेल सर्व्हेटसने त्रैक्य नाकारले, म्हणून २७ ऑक्टोबर १५५३ ला जिनिव्हात त्याला जिवंत जाळले. हे कॅथलिकांनी नव्हे, कॅल्व्हिनच्या प्रॉटेस्टंट गावाने केले. पुढच्याच वर्षी सेबास्टियन कास्टेलिओने पाखंड्यांना छळू नये, असा ग्रंथ काढला. युरोपातल्या सहिष्णुतेच्या चर्चेत हे पुस्तक पायाचे मानतात. १६८९ मध्ये इंग्लंडने सहिष्णुतेचा कायदा केला. त्यातून कोणाला वगळले? कॅथलिकांना आणि त्रैक्य नाकारणाऱ्यांना. नाव सहिष्णुतेचे आणि दाराला दोन कुलुपे.

मराठी मुलखाजवळचे उदाहरण गोव्याचे. तिथले इन्क्विझिशन, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालय, १५६० ला सुरू झाले आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चालले. त्याचा मुख्य रोख नव्याने ख्रिस्ती झालेल्यांच्या जुन्या चालीरीतींवर होता. पण जन्माने कॅथलिक असलेला माणूसही त्यातून सुटत नसे. शार्ल देलाँ हा फ्रेंच वैद्य दमणला राहत होता. बाप्तिस्म्याविषयी आणि प्रतिमांना दिल्या जाणाऱ्या मानाविषयी तो गप्पांच्या ओघात काहीबाही बोलला. १६७३ मध्ये त्याला पकडले, गोव्याच्या कोठडीत ठेवले, १६७६ च्या जानेवारीत मिरवणुकीने नेऊन शिक्षा सुनावली आणि पोर्तुगालला सक्तमजुरीवर धाडले. सुटल्यावर त्याने सगळी हकीकत छापली. त्याच गोव्यात १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले होते. इन्क्विझिशन आणि ओवी एकाच मुलखात, एकाच शतकात नांदत होत्या!

इथवरची गोष्ट अशी, की मतभेद जुना आहे, पण त्याला धार आली ती शिक्षेमुळे. मग ही धार कोणी बोथट केली? या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर एका मराठी बाईकडे आहे.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे अँग्लिकन सिस्टर्सच्या आश्रमात त्यांनी आणि लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. तिथून त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथे प्राचार्य होत्या डोरोथिया बील. पुण्याच्या वर्तमानपत्रांनी मानले, बाई बाटली, विषय संपला. विषय तिथे सुरू झाला. रमाबाई ख्रिस्ती झाल्या ते ख्रिस्तावर श्रद्धा ठेवून, पण अथनासियसच्या मतांगीकारावर त्या अडल्या. त्रैक्याची ही व्याख्या शास्त्रात कुठे आहे, दाखवा. ती न मानणाऱ्याचा नाश होतो, हे कोणी ठरवले? सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्यांचे म्हणणे, चर्चने ठरवले, चर्चचे ऐकावे. रमाबाईंचे म्हणणे, चर्चचा सभासद होणे म्हणजे धर्मगुरूंच्या मुखातून पडेल तो प्रत्येक शब्द झेलणे नव्हे. अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या मुलीला कोणी प्रमाण विचारू नकोस म्हणून सांगायचे, हा जरा अतिरेकच होता.

हा पत्रव्यवहार पुढे अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये मुंबईत छापला गेला. त्यातल्या छोट्या गोष्टी मोठ्या गोष्टींपेक्षा जास्त बोलतात. सिस्टरांच्या गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असत. ज्या भाषेतले आपल्याला कळत नाही ते गळ्यात कशाला घालायचे, संस्कृत का नको, असे रमाबाईंनी विचारले. लॅटिन संस्कृतपेक्षा पवित्र आहे की काय? अंडे घातलेले पुडिंग त्या खात नसत. जेराल्डीन यांना त्यात जातीचा ताठा दिसला. रमाबाईंना मात्र बाप्तिस्म्याचा आणि पुडिंगाचा संबंध कळेना.

आणखी एक वाद उठला: रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे का? मुंबईच्या बिशपांनी नको म्हटले, लाहोरच्या बिशपांनीही नको म्हटले. त्या वेळी दिल्ली आणि पानिपत लाहोरच्याच धर्मप्रांतात येत. आणि लाहोरचे बिशप कोण? टॉमस व्हॅल्पी फ्रेंच, तीस वर्षांपूर्वी आग्ऱ्याच्या त्या सभेत फांडर यांच्या शेजारी बसलेले. आग्ऱ्यात प्रश्न बाहेरून आले तेव्हा त्यांना उत्तर देणे भाग होते. इथे प्रश्न आपल्याच माणसाने विचारले तेव्हा मनाई पुरली.

बील यांचे वागणे वेगळे होते. स्वतः शंकांच्या काळातून गेल्यामुळे त्यांनी जेराल्डीन यांना सबुरीचा सल्ला दिला: या बाईचे मन तर्काने चालते, तिला तिच्या वाटेने येऊ द्या. सहिष्णुता म्हटल्यावर मोठमोठ्या जाहीरनाम्यांची आठवण होते. इथे ती एका प्राचार्यांच्या पत्रात आहे, आणि या पत्राने रमाबाई चर्चच्या आत राहिल्या.

पुढे काय झाले? रमाबाई मुक्त विचारांच्या झाल्या, असे कोणी समजेल. तसे झाले नाही. १८९० नंतर त्यांची श्रद्धा उलट अधिक कडक, अधिक भावोत्कट झाली आणि १९०५ मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्तिसदनात जे आत्मिक जागरण झाले त्याने पुष्कळ शिस्तप्रिय मिशनरी बावरले. पण मुक्ती त्यांनी कोणत्याही एका पंथाच्या दावणीला बांधली नाही. संस्कृत क्रुसाचा हट्ट धरणाऱ्या या बाईंनी आयुष्याच्या शेवटी बायबलचे भाषांतर केले ते साध्या, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत. त्यांच्याही सहिष्णुतेला चटका बसलाच. त्यांनी काढलेल्या शारदासदन या विधवांच्या शाळेत धर्माबाबत तटस्थता पाळायचे ठरले होते. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडे असे आणि मुली येऊन बसत. ते उघडे दार म्हणजे स्वातंत्र्य की आमंत्रण? १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांच्या सल्लागार मंडळाने त्याचे उत्तर राजीनाम्याने दिले.

नारायण वामन टिळकांचा मार्ग आणखी निराळा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ते अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही जागा होती. अट एकच, ख्रिस्ताला गुरू मानणे. बाप्तिस्मा हा उंबरठा आहे की भिंत, हा टिळकांचा प्रश्न होता. उत्तर पुरते सिद्ध करायला त्यांना वेळ मिळाला नाही. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले आणि दरबारही फार टिकला नाही.

दिल्लीकडे वळावे तर सेंट स्टीफन्स कॉलेजात चार्ल्स अँड्र्यूज भेटतात. मास्टर रामचंद्रांचे विद्यार्थी मौलवी झकाउल्ला यांचे चरित्र पुढे याच अँड्र्यूजांनी लिहिले. अँग्लिकन पाळक असलेल्या अँड्र्यूजांना तेच तेरा दिवसांचे वाक्य बोचत होते. झकाउल्लांसारख्या माणसाशी स्नेह ठेवायचा आणि सणाच्या दिवशी त्यांचा नाश जाहीर करायचा, हे कसे जमणार? १९१४ मध्ये त्यांनी पाळकपण थांबवले, त्याच्या कारणांत हे एक होते. रमाबाई बील यांच्या सबुरीमुळे आत राहू शकल्या; अँड्र्यूजांना बाहेर पडून शांतिनिकेतनची वाट धरावी लागली.

वाक्य काढून टाकता आले नसते का? अमेरिकेतल्या अँग्लिकनांनी १७८९ च्या आपल्या प्रार्थनापुस्तकातून हा मतांगीकार गाळला होता. इंग्लंडात १८७० च्या सुमारास त्यावरून मोठे रण माजले आणि वाक्य जिथल्या तिथे राहिले. उत्तर हिंदुस्थानात ते सुटले नागपुरात, आणि कोणी त्याविरुद्ध भाषण न करता सुटले.

२९ नोव्हेंबर १९७०. नागपूर, ऑल सेंट्स कॅथेड्रलचे आवार. सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले: अँग्लिकन, काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन यांची आधीच जोडलेली मंडळी, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट. बोलणी १९२९ पासून चालली होती. चाळीस वर्षे! एवढा वेळ कशात गेला? तीन गाठींत.

पहिली गाठ मतांगीकाराची, ती तुलनेने सैल निघाली. नव्या चर्चने प्रेषितांचा आणि नायसियाचा असे दोन मतांगीकार स्वीकारले. तिसऱ्याचे नावच घेतले नाही. धिक्कार नाही, माफी नाही. ते यादीत नाही, एवढेच.

दुसरी गाठ पाळकांच्या दीक्षेची. अँग्लिकन म्हणणार, बिशपांच्या हस्तस्पर्शाशिवाय दीक्षा पुरी नाही. प्रेस्बिटेरियन म्हणणार, आमची दीक्षा पुरी आहे, ती पुन्हा घेणे म्हणजे वीस वर्षे दिलेले प्रभुभोजन खोटे ठरवणे. १९४७ च्या दक्षिणेतल्या ऐक्यात जुन्या पाळकांना आहे तसे मान्य करून नवी दीक्षा तेवढी बिशपांकडे दिली होती. उत्तरेने दुसरी तोड काढली. सर्वांनी एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवायचे आणि प्रार्थना अशी, की ज्याला जे कमी असेल ते देवाने द्यावे. कोणाला काय कमी आहे, ते मात्र बोलायचे नाही. काहींनी याला चलाखी म्हटले. पण ही चलाखी खोटेपणाची नव्हे. जे माणसांना ठरवता आले नाही, ते ठरवल्याचा आव आणायचा नाही, एवढेच तिच्यात होते.

तिसरी गाठ सगळ्यांत घट्ट: बाप्तिस्मा. अँग्लिकन घरात बाळाचा बाप्तिस्मा होतो. बॅप्टिस्ट आणि ब्रदरन म्हणतात, ज्याला कळत नाही त्याचा बाप्तिस्मा कसला? कळत्या वयात स्वतः कबुली देऊन पाण्यात उतरायचे. हा भेद मिटणारा नाही. चर्चने दोन्ही रीती मान्य केल्या. घर आपल्या मतानुसार निवडेल. ज्या पाळकाला बाळाचा बाप्तिस्मा पटत नाही त्याच्यावर सक्ती नाही. दुसरा पाळक तो करील. आता कसोटीचा प्रसंग: बाळपणी बाप्तिस्मा झालेला माणूस मोठेपणी येऊन म्हणाला, माझा मला हवा, तर? एका बाजूला त्याची सदसद्विवेकबुद्धी, दुसऱ्या बाजूला बाप्तिस्मा एकदाच, हा नियम. हे प्रकरण पाळकाने समजूत घालून बिशपांकडे न्यावे, असे ठरले. म्हणजे तत्त्वाचा निकाल न लावता माणसापुरता विचार. कायद्याची शिस्त आवडणाऱ्याला हे लेचेपेचे वाटेल, पण या एका लेचेपेच्या कलमावाचून बॅप्टिस्ट आत आलेच नसते.

सगळे आले का? नाही. अमेरिकन परंपरेतल्या मोठ्या मेथडिस्ट चर्चने ऐन वेळी अंग काढून घेतले. ते आजही मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून वेगळे आहे. म्हणून महाराष्ट्रातल्या एकाच गावात दोन मराठी मंडळ्या शेजारीशेजारी दिसतात आणि लग्नाच्या पंगतीत दोन्हींकडची माणसे एकत्र जेवतात. रोमन कॅथलिक या हिशेबात नव्हतेच. त्यांच्याकडे धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत ७ डिसेंबर १९६५ ला निघाला.

आलेल्यांतही एक भांडण उरले, आणि ते त्रैक्याचे नव्हते, बाप्तिस्म्याचेही नव्हते. ब्रदरन मिशनचे काम बलसाड-अंकलेश्वरपासून इकडे डहाणूपर्यंत पसरलेले होते. गुजरातेतल्या काही ब्रदरन सभासदांना विलीनीकरण मान्य झाले नाही. खटला मालमत्तेवरून चालला. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंदलेल्या न्यासाच्या जमिनी आणि इमारती, मंडळीने ऐक्याचा ठराव केल्याने नव्या चर्चकडे जातात का? २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, जात नाहीत. ठराव मंडळीचा आहे, मालमत्ता न्यासाची आहे. ऐक्यासाठी बसलेल्या धर्मपंडितांनी चाळीस वर्षे हस्तस्पर्श आणि पाणी यांचा कीस काढला होता, न्यासाच्या नोंदवहीकडे मात्र तेवढे बारकाईने कोणी पाहिले नव्हते.

वेगळ्या राहिलेल्या ब्रदरन मंडळ्यांनी आपली जुनी रीत चालू ठेवली आहे: बाप्तिस्म्याला तीनदा पाण्यात बुडवायचे, आणि प्रीतिभोजनाला बसण्याआधी घमेल्यात पाणी घेऊन, कमरेला पंचा बांधून, शेजाऱ्याचे पाय धुवायचे.